चिमणराव आणि आपली पोरं
(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेलं भाषण)



गेल्या वर्षी याच मांडवात आपल्या मुलांनी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधलं एक प्रहसन केलं. मोबाइलवर ऐकून संवाद आम्हीच वहीत उतरवून दिले होते. पाठांतर चोख होतं, पण तुम्ही हसला नाहीत! त्यात मुलांचा दोष नाही. समीर चौघुले एका शब्दावर थांबतात, तोंड वाकडं करतात, ते वहीत कुठून येणार? नट वजा केला तर हातात राहतं काय, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला.

उत्तर चिं. वि. जोशींकडे मिळालं. 'चिमणरावाचे चऱ्हाट' हे १९३० च्या दशकातलं पुस्तक. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. म्हणजे इथे पुस्तक आधी, पडदा नंतर. पुस्तकात चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो, तीही इतक्या गंभीरपणे की वरिष्ठांना खुलासा सादर करतोय असं वाटावं. आम्ही सरकारी नोकर, असे खुलासे रोज लिहितो. फक्त आमचे वाचून कोणी हसत नाही.

आणि चिंवि जन्मानं पुण्याचे असले तरी त्यांची नोकरी बडोद्याची. पाली शिकवायचे, संस्थानचं दप्तर सांभाळायचे. म्हणजे आपल्यासारखेच, गुजरातेत राहून मराठी जपणारे.

म्हणून या वर्षी दर रविवारी संध्याकाळी आम्ही मुलांना ते पुस्तक वाचायला बसवलं. गुजराती माध्यमाची मुलं 'चमचा' आणि 'चहा' यांतला च सारखाच म्हणतात. 'चऱ्हाट' म्हणजे काय, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी अमळनेरकडच्या एका आजीनं सांगितलं, विहिरीवरचा जाड दोर. मग तिनं गावच्या विहिरीचीच गोष्ट सुरू केली, त्या दिवशी वाचन तिथेच थांबलं.

एका लूम कारागीर पालकानं तोंडावर विचारलं, "साहेब, हे वाचून पोराला काम मिळेल का?" नाही मिळणार, असंच आम्ही सांगितलं. पुढचे दोन रविवार मुलगा आला नाही. तिसऱ्या रविवारी बाप स्वतः त्याला घेऊन आला आणि दारात उभा राहून ऐकत राहिला. काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

आज आरतीनंतर मुलं जे करणार आहेत, ते टीव्हीवरून घेतलेलं नाही, त्यांनीच लिहिलं आहे. आखाजीला गावी निघालेले चिमणराव, काऊ, मोरू, मैना सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये उधन्याला चढतात आणि गुंड्याभाऊ फलाटावरच राहतो. गुंड्याभाऊ अहिराणी बोलतो. यावर कार्यकारिणीत बराच वाद झाला. आम्ही मुलांच्या बाजूनं मत दिलं.

वहीच्या झेरॉक्स प्रती प्रसादाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. शुद्धलेखन आम्ही मुद्दाम तपासलेलं नाही.