ठोके आणि काम

सन २००१ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये संगणक घ्यावयास गेलेला गृहस्थ दुकानदारास पहिला प्रश्न विचारी, तो 'किती मेगाहर्ट्झचा?' हा होय. संगणकाच्या अंतरंगाची त्यास माहिती नसे, आणि ती असावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. मोठा आकडा म्हणजे वेगवान यंत्र, एवढी समजूत त्याला पुरेशी वाटे. जाहिरातीही त्याला तेच सांगत होत्या. परंतु त्याच काळात बाजारात असे दोन प्रोसेसर समोरासमोर उभे होते, की ज्यांच्या तुलनेने ही समजूत मुळापासून हलविली. एक इंटेलचा पेन्टियम ४ आणि दुसरा एएमडीचा ॲथलॉन.

या स्पर्धेचा आरंभ आकड्यांच्याच शर्यतीने झाला होता. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला; दोनच दिवसांनी इंटेलने त्याच आकड्याचा पेन्टियम ३ पुढे केला. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. प्रोसेसरच्या आत एक घड्याळ असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्यास सर्व मंडले एकेक पाऊल पुढे टाकतात. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशही फार तर तीस सेंटिमीटर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या गतीची थोडी कल्पना येईल.

तथापि पाऊल किती भरभर पडते यावरून मजल किती मारली हे समजत नाही. बापाचे बोट धरून चालणारे पोर बापाच्या एका पावलामागे दोन पावले टाकते, म्हणून ते बापापुढे जात नाही. एखादे काम पुरे होण्यास लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: कामात एकूण आज्ञा किती, प्रत्येक आज्ञेस सरासरीने ठोके किती, आणि एका ठोक्याचा अवधी किती. पेन्टियम ४ आणि ॲथलॉन हे दोन्ही एकाच जातीच्या आज्ञा समजत. त्यामुळे एकच प्रोग्राम दोहोंवर चालविला तर पहिला आकडा सारखाच राही. खरेदीदार विचारी तो तिसरा. मधल्या आकड्याची चौकशी कोणीच करीत नसे, आणि सारे रहस्य तर त्या मधल्या आकड्यातच होते.

ते रहस्य समजण्यासाठी खेड्यात लागलेल्या आगीचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि बादल्या हातोहात पुढे जातात. रांगेत दहा माणसे असली तर प्रत्येकास बादली घेऊन काही पावले चालावे लागते. वीस माणसे उभी केली तर प्रत्येकाने केवळ हात लांब केला की पुरे. बादल्या भराभर सरकू लागतात. प्रोसेसरमधील आज्ञाही अशाच टप्प्याटप्प्याने पुढे जातात. पेन्टियम ३ आणि ॲथलॉन यांच्यात असे सुमारे दहा टप्पे होते. २० नोव्हेंबर २००० रोजी १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ गतीने बाजारात आलेल्या पेन्टियम ४ मध्ये इंटेलने ते वीस केले. टप्पा लहान झाला, म्हणून ठोका जलद झाला. इथवर सारे ठीक.

पण बादल्यांची रांग अर्ध्यावर आली असता कोणी ओरडले, की 'आग या घराला नव्हे, पलीकडच्या घराला लागली आहे', तर काय होईल? रांगेतील सर्व पाणी वाया जाईल, आणि जितकी रांग लांब तितके नुकसान अधिक. संगणकाच्या प्रोग्राममध्ये 'असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' अशी वळणे पावलोपावली येतात. पुढचे वळण कोणते याचा प्रोसेसर अंदाज बांधतो व त्या बाजूच्या आज्ञा रांगेत घालतो. अंदाज बहुधा बरोबर येतो; चुकला म्हणजे मात्र रांग रिकामी करून पुन्हा भरावी लागते. वीस टप्प्यांच्या यंत्रास ही चूक दहा टप्प्यांच्या यंत्रापेक्षा फार महाग पडे. शिवाय ॲथलॉन एका ठोक्यात अधिक कामे उरकी, दशांश अपूर्णांकांचे गणित करणारे त्याचे भाग सबळ होते, आणि अगदी हाताशी असलेली त्याची स्मृती १२८ किलोबाइट इतकी ऐसपैस होती. पेन्टियम ४ मध्ये हाताशी विदा ठेवण्यास केवळ आठ किलोबाइट जागा होती.

परिणाम असा झाला, की १.२ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन अनेक नित्याच्या कामांत १.५ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ ची बरोबरी करी, काहींत त्यास मागे टाकी. इतकेच काय, क्वचित एक गिगाहर्ट्झचा जुना पेन्टियम ३ देखील आपल्या या धाकट्या भावास भारी पडे.

येथे घाईने निकाल देऊन मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. पेन्टियम ४ ला स्मृतीशी जोडणारा मार्ग अधिक रुंद होता: सेकंदास ३.२ अब्ज बाइट त्यातून वाहू शकत. एकाच आज्ञेने अनेक संख्यांवर क्रिया करण्याची नवी सोय त्यात होती. चलच्चित्रे सांकेतिक स्वरूपात आणणे यासारखे एकसुरी, वळणे कमी असलेले काम, त्या नव्या आज्ञा वापरून लिहिलेले असेल तर, पेन्टियम ४ झपाट्याने करी. स्पेक ही संस्था १९८८ पासून प्रोसेसरांच्या कसोट्या ठरवीत आली आहे. तिच्या २००० सालच्या संचात पूर्णांकांचे बारा आणि दशांश गणिताचे चौदा खरेखुरे प्रोग्राम होते. त्यांत बुद्धिबळ खेळणारा एक, मजकूर आकुंचित करणारे काही, असा विविध मेळ होता. त्यांतील दशांश गणिताच्या कसोटीत पेन्टियम ४ पुढेच होता. मग वेगवान कोण? उत्तर कामावर अवलंबून, हे सांगणाऱ्यास सोपे आणि विकत घेणाऱ्यास निरुपयोगी असे उत्तर आहे; पण खरे तेच आहे.

ग्राहकाची ही अडचण ओळखून एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये एक युक्ती योजिली. नव्या ॲथलॉन एक्सपीच्या खोक्यावर गिगाहर्ट्झ न छापता '१८००+' असा क्रमांक छापला. घड्याळाची खरी गती होती १.५३ गिगाहर्ट्झ. आकड्याच्या भ्रमावर आकड्याचाच उतारा! टीकाकारांनी यास हातचलाखी म्हटले, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. पण मूळ भ्रम ज्यांनी जोपासला त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही. गंमत अशी, की २००४ मध्ये इंटेलनेही गिगाहर्ट्झ मागे सारून आपल्या प्रोसेसरांना क्रमांकच दिले.

कसोट्यांवरूनही तंटे झाले. कार्यालयीन कामाच्या 'सिसमार्क' या कसोटीची २००२ ची आवृत्ती पेन्टियम ४ ला अनुकूल अशी बदलली गेली, असा आरोप एएमडीने केला. ती कसोटी बनविणाऱ्या मंडळात एएमडी पुढे स्वतः सामील झाली आणि २०११ मध्ये पुन्हा तंटा करून बाहेर पडली. वजन करावयाचे त्यांनीच तराजू बनवावयाचा म्हटल्यावर याहून वेगळे काय घडावे?

सरकारी खरेदीत तर प्रश्न जनतेच्या पैशाचा असतो. युरोपातील काही देशांच्या निविदांत संगणकाची अट म्हणून इंटेलचे नाव अथवा घड्याळाची किमान गती लिहिलेली असे. घड्याळाची गती लिहिली म्हणजे नाव न घेताही एक स्पर्धक दाराबाहेर राही. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने जर्मनी, इटली आदी सदस्यराष्ट्रांकडे याचा जाब मागितला. 'किमान इतके गिगाहर्ट्झ' हे शब्द लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात पक्षपात असेलच असे नाही. मोजता येईल अशी अट त्याला हवी होती आणि तीच सर्वांत सोपी होती.

या दोन घराण्यांच्या वैराच्या कथेत पुण्यात जन्मलेल्या एका माणसाचाही भाग आहे. विनोद धाम यांनी इंटेलमध्ये १९९३ च्या मूळ पेन्टियमचे काम सांभाळले. १९९५ मध्ये ते नेक्सजेन या लहान कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली, आणि ॲथलॉनच्या आधीचा के-६ हा प्रोसेसर त्या कामातून बाहेर आला.

पेन्टियम ४ चा शेवट मात्र उष्णतेने केला. २००२ च्या आरंभी सुधारून आलेल्या त्याच्या आवृत्तीने आघाडी परत मिळविली होती, हे नमूद केले पाहिजे. ही रचना दहा गिगाहर्ट्झपर्यंत नेता येईल अशी भाषा होती. फेब्रुवारी २००४ मध्ये टप्पे एकतीस करण्यात आले. गती ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत चढली, पण उष्णता ११५ वॉटच्या घरात गेली. ऑक्टोबरमध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा बेत सोडला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका सभेत गुडघे टेकून विनोदाने क्षमाही मागितली. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ ला २.४ गिगाहर्ट्झ गतीने सहज मागे टाकले, आणि ॲथलॉनच्या वंशजांनाही. त्यात टप्पे चौदाच होते. त्याची वंशावळ पाहू गेल्यास ती पेन्टियम ४ कडे जात नाही. इस्रायलमधील हैफा येथे अंगावर बाळगावयाच्या संगणकांसाठी घडविलेल्या पेन्टियम एमवरून ती मागे सरकत पेन्टियम ३ च्याच घराण्यापर्यंत पोहोचते.