कुटुंबासाठी विजेवर चालणारी सात आसनी मोटार : मूल्यमापनाचे निकष
(व्याख्यानाचा मजकूर)



आजी-आजोबा, मुले आणि सामान यांना एकत्र नेणारी मोटार ही अनेक भारतीय कुटुंबांची गरज आहे. ती विजेवर चालणारी असावी काय, हा प्रश्न आता व्यवहारात आला आहे. ‘बीवायडी ईमॅक्स ७’ ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर ‘किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही’ जुलै २०२५ मध्ये भारतीय बाजारात दाखल झाली.

पहिला निकष पल्ल्याचा. कियाच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ५१.४ युनिट आणि प्रमाणित पल्ला ४९० किलोमीटर आहे. म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे साडेदहा युनिट. परंतु ही चाचणी प्रयोगशाळेतील असते. सात प्रवासी, वातानुकूलन आणि महामार्गावरील वेग यांमुळे हा वापर १७ युनिटांवर गेल्यास पल्ला सुमारे ३०० किलोमीटरच उरतो.

दुसरा निकष खर्चाचा. उदाहरणादाखल, चार्जिंगमधील गळतीसह शंभर किलोमीटरला २० युनिट आणि घरगुती दर युनिटला ८ रुपये धरल्यास किलोमीटरमागे १.६० रुपये पडतात. लिटरला १२ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल मोटारीस, लिटरचा दर १०० रुपये धरून, ८.३३ रुपये लागतात. किमतीतील फरक ५ लाख रुपये असेल आणि वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास होत असेल, तर तो सुमारे सव्वासहा वर्षांत भरून निघतो. मात्र सार्वजनिक केंद्रावर युनिटला २० रुपये मोजावे लागल्यास त्यासाठी साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. घरगुती दरातही निम्म्याच प्रवासास सुमारे साडेबारा वर्षे लागतात. तात्पर्य, निर्णय मोटारीपेक्षा कुटुंबाच्या वापरावर आणि वाहनतळावरील वीजजोडणीवर अवलंबून असतो.

तिसरा निकष सोयीचा. बॅटरी तळाशी असल्याने पायांखालची जागा उंचावते आणि मागच्या रांगेत प्रौढांचे गुडघे वर येतात. सर्व आसने भरल्यावर सामानाला जागा थोडीच उरते. म्हणून संपूर्ण कुटुंबाला बसवूनच मोटारीची परीक्षा घ्यावी.

शासकीय धोरणाचा भागही महत्त्वाचा आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी मोटारींना खरेदी अनुदान नव्हते; दुचाकी, तीनचाकी आणि बस यांना प्राधान्य होते. २०१९ मध्ये केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविण्यात आली. २०२४ च्या वीज ग्राहक हक्क सुधारणा नियमांनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. वरील हिशेबात या जोडणीचे मोल स्पष्ट होते.

पर्यावरणाचा विचार करताना देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशापासून निर्माण होते, हे विसरून चालणार नाही. मोटारीतून धूर निघत नाही, हा शहराच्या हवेचा लाभ खराच. तथापि, पूर्ण लाभ वीजनिर्मिती स्वच्छ होण्यावर अवलंबून आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या राष्ट्रीय उद्दिष्टाशी कुटुंबाची खरेदी जोडली जाते, ती या ठिकाणी.