कोकणच्या परड्यातील टोमॅटो



घाट उतरून रातोरात येणाऱ्या मालमोटारींतून देशावरचा टोमॅटो कोकणच्या बाजारपेठांत बारमाही येऊन पडतो, आणि त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ गृहस्थांची अशी समजूत झालेली आहे की, जे फळ तिकडे कोणत्याही महिन्यात पिकते ते आपल्या विहिरीकाठच्या परड्यातही तितक्याच निर्वेधपणे पिकावे. मग मृगात मोठ्या हौसेने लावलेली रोपे श्रावणात काळवंडून गेली म्हणजे कधी बियाण्याला, कधी खताला, तर कधी शेजाऱ्याच्या दृष्टीला दोष दिला जातो. वास्तविक यांपैकी कोणाचाच त्यात अपराध नसतो. टोमॅटोला किनाऱ्यावर राहण्याची जी सनद मिळालेली आहे ती दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचीच आहे, आणि हवामानाच्या दप्तरात तिला मुदतवाढ मिळत नाही.

हे असे का, याचे उत्तर या वनस्पतीच्या मूळ मुलखात सापडते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, पेरू व इक्वादोरकडील अँडीज पर्वताच्या प्रदेशात हिचे पूर्वज वाढले. तेथील पाऊस बेताचा आणि रात्री थंड. याउलट रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. पण केवळ पावसाचाच प्रश्न असता तर वर झाप घालून वेळ मारून नेता आली असती. खरी अडचण रात्रीची आहे. फूल येणे निराळे आणि फळ धरणे निराळे. रात्रीचे तपमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असले म्हणजे टोमॅटोचे फूल उत्तम धरते, आणि रात्री उबदार राहू लागल्या की तेच फूल देठाच्या सांध्यापाशी पिवळे पडून गळते. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा कोरडा, गार मतलई वारा यांचा हिवाळ्यात जो क्रम बसतो, त्यानेच आपल्या रात्री टोमॅटोला मानवण्याजोग्या होतात. म्हणून बी सप्टेंबरच्या उत्तरार्धात पडवीच्या आडोशाला गादीवाफ्यावर किंवा करवंट्यांतून पेरावे, आणि परतीच्या पावसाने पाठ फिरवली की पंचवीस-तीस दिवसांची रोपे कायम जागी लावावीत.

ही कायम जागा निवडताना मात्र घाई उपयोगाची नाही, कारण कोकणातील टोमॅटोचा खरा वैरी वर आकाशात नसून खाली मातीत असतो. काल संध्याकाळपर्यंत टवटवीत असलेले झाड आज दुपारी, पाने हिरवीगार असतानाच, मान टाकते. रात्री थोडे सावरल्यासारखे दिसते, आणि दोन-चार दिवसांत कायमचे कोलमडते. पाणी कमी पडले असावे असे समजून मालक आणखी कळशीभर पाणी ओततो व रोगाची आयतीच सोय करून देतो. हा जीवाणूजन्य मर रोग होय; राल्स्टोनिया सोलानेसीरम हे त्या जीवाणूचे शास्त्रीय नाव. खात्री करून घ्यायची असेल तर प्रयोगशाळेची जरूर नाही. झाडाच्या बुडाचा चार बोटे खोडाचा तुकडा धारदार सुरीने कापावा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, कापलेले तोंड बुडेल असा, न हलवता धरावा. थोड्याच वेळात त्या तोंडातून दुधासारखे पांढुरके तंतू सावकाश खाली उतरू लागले, तर निदान पक्के झाले असे समजावे.

या रोगाला औषध नाही, आणि आहे म्हणून सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावे हे बरे. इलाज आहेत ते सारे आधी करण्याचे. वांगी, मिरची व टोमॅटो ही एकाच कुळातील भावंडे असल्यामुळे ज्या वाफ्यात त्यांपैकी एकाचीही वहिवाट होती तेथे निदान तीन वर्षे दुसऱ्याला पाऊल ठेवू देऊ नये. भाताच्या कुणग्यात चार महिने पाणी तुंबून राहिल्याने या जीवाणूचा जोर पुष्कळ ओसरतो. म्हणून घरालगत असा कुणगा असेल आणि भात कापून तो वेळेवर मोकळा होत असेल, तर परड्यापेक्षा तोच पसंत करावा. शिवाय रोगाला दाद न देणारे वाणही आता उपलब्ध आहेत: आपल्यासारखीच जांभ्याची भूमी असलेल्या केरळातील कृषी विद्यापीठाचा ‘शक्ती’ आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का आभा’ व ‘अर्का रक्षक’ हे त्यांतले. पैकी ‘अर्का रक्षक’ संकरित असल्याने त्याचे बी घरी धरून ठेवण्यात अर्थ नाही. वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपेही मिळू लागली आहेत. एरवी टोमॅटोचे रोप जितके खोल लावावे तितक्या त्याच्या खोडाला अधिक मुळ्या फुटतात, आणि तसे लावणे चांगलेच. पण कलमी रोपाचा सांधा मातीत गाडला गेला तर वरच्या भागाला मुळे सुटून सारे कलम व्यर्थ जाते.

आपली तांबडी माती पावसाने धुपून आम्ल झालेली असते व तिच्यातील चुना वाहून गेलेला असतो. तेव्हा लागवडीच्या तीन आठवडे आधी प्रत्येक आळ्यात मूठभर विझवलेला चुना मिसळावा; शिंपल्यांचा मिळाला तर फारच उत्तम. शेणखत मात्र त्याच दिवशी घालू नये, नाही तर त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते. फळाच्या बुडाला जो काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो कीड नसून याच चुन्याच्या तुटीची खूण आहे. पण मातीत चुना असूनही डाग पडतो, तेव्हा समजावे की कसूर पाणी देणाऱ्याची आहे. चुना पाण्याबरोबरच झाडात चढतो, आणि दोन दिवस कोरड व तिसऱ्या दिवशी पूर असा कारभार चालला की तो फळापर्यंत पोहोचत नाही. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी माघानंतर किंचित मचूळ होऊ लागते, त्याने फार घाबरू नये. त्या पाण्यावरचे फळ लहान राहते, पण चवीला अधिक गोड उतरते. समुद्राच्या अगदी तोंडावर राहणाऱ्यांनी झाडे गडग्याच्या आडोशाला लावावीत, म्हणजे खाऱ्या तुषारांनी पाने करपत नाहीत. काठीचा आधार, बगलफुटी खुडणे, बुडाकडची पाने काढून हवा खेळती ठेवणे, या गोष्टी सर्वांना ठाऊकच आहेत.

फुलाविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे. टोमॅटोच्या फुलात मध नसतो, आणि त्याचे पराग एका पिवळ्या नळीत कोंडलेले असतात. ती नळी हादरल्याशिवाय ते सांडत नाहीत. मधमाशी तिकडे सहसा फिरकत नाही. पण आपल्या घराच्या वाशांना भोके पाडतो म्हणून ज्याच्यावर आपण दात धरून असतो तो काळा भुंगा त्या फुलाला बिलगून अंगाचे स्नायू असे थरथरवतो की, गुंजारवाचा सूर एकाएकी चढतो आणि नळीतले पराग त्याच्या पोटावर शिंपडले जातात. भुंगा नसेल तेथे हे काम माणसाने करावे. पहाटे दहिवराने पराग ओले व चिकट झालेले असतात, म्हणून उन्हे चांगली वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, फुलांच्या घोसाच्या देठावर बोटाने हलकीशी टिचकी मारावी.

जानेवारीत फळे भरू लागली की माकडांची स्वारी येणार हे गृहीत धरावे. त्यांच्या बंदोबस्तासाठी कोकणातून आजवर इतके अर्ज गेलेले आहेत की आणखी एकाने काही बिघडणार नाही. तथापि तोवर एक तजवीज करता येते. फळाच्या बुडाशी पोपटीवर पहिली गुलाबी छटा उमटली म्हणजे ते झाडावरून आवश्यक तेवढे सर्व घेऊन चुकलेले असते. त्याच वेळी तोडून घरात सावलीला, हवेशीर परडीत ठेवले तर ते चार-पाच दिवसांत पिकते, आणि चवीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फाल्गुनानंतर तर हेच श्रेयस्कर, कारण ३० अंशांवरील उष्म्यात झाडावरचे फळ तांबडे न होता पिवळट केशरीच राहते. शीतकपाटात मात्र ते ठेवू नये. तेथील गारठ्याने सुगंध मरतो, आणि नारळाच्या दुधातले सार करायचे तर तो सुगंधच हवा.

शिमगा झाला, पांढरी माशी वाढली, शेंड्यांची पाने आखडू लागली, की झाडाला खते-औषधे घालून जगवण्याचा हट्ट धरू नये. उरलेली हिरवी फळे दाण्याचे कूट घालून चटणीला घ्यावीत, झाडे मुळांसकट उपटून जाळावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत, आणि वाफा उन्हाळाभर उकरून तापत ठेवावा. मृगाच्या पहिल्या सरीला त्याच जागी मांडव घालून पडवळ, काकडी किंवा दोडका लावता येतो.