नागेश या नावातलं व्याकरण

फोंड्याजवळ बांदिवड्याला नागेशाचं देऊळ आहे. देवाचं नाव सावकाश उच्चारा: नाग, ईश. ‘अ’पुढे ‘ई’ आली की दोहोंच्या जागी एकच ‘ए’ येतो. गणेशालाही हाच नियम.

पाणिनीने संस्कृतचे असे सुमारे ४००० नियम ‘अष्टाध्यायी’त बांधले, तेही मोजक्या अक्षरांत! पण दोन नियम एकाच जागी भिडले तर? सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, अशा निवाड्यांचा ग्रंथ म्हणजे ‘परिभाषेन्दुशेखर’. तो सुमारे तीनशे वर्षांपूर्वी लिहिला काशीतल्या मराठी पंडिताने, काळे घराण्यातल्या नागोजी भट्टांनी. त्यांचंही नाव नागेशच. पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी या ग्रंथाची मूळ संहिता १८६८ मध्ये मुंबईत छापून आणली.