शाळेच्या आवारातील कंपोस्ट
(वरवंड येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



वरवंड परिसरात ऊसतोड सुरू झाली की सायंकाळी क्षितिजावर जाळ दिसू लागतो. पाचट पेटविले जाते. त्यातील कर्ब व बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जातो आणि शेतात उरते ती मूठभर राख. ज्यांच्या घरचे पाचट जळते तीच मुले दुसऱ्या दिवशी आपल्यासमोर बसून विज्ञानाच्या तासाला ‘सेंद्रिय पदार्थ’ हा शब्द पाठ करतात. ही विसंगती मला बरीच वर्षे बोचत होती.

‘शेणच नाही, मग खत कशाचे?’ असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण घरोघरचे गोठे ओस पडले आहेत. सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथील प्रयोगांवरून १९३१ साली कंपोस्टची जी पद्धत प्रसिद्ध केली, तीत गोठ्यातील शेण व मूत्र भिजलेली माती यांना मोठे स्थान होते. शेणाच्या टंचाईवर उपाय शोधला तो आपल्याच राज्यातील, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी. त्यांची ‘नाडेप’ टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असते. तीत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, १,७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि शेण मात्र अवघे ९० ते १०० किलो लागते. येथे शेण हे खत नसून विरजण आहे, हे ध्यानात घ्यावे.

शाळेला एवढी मोठी टाकी नको. चार फूट लांब, चार फूट रुंद व तीन फूट उंच पुरे. साहित्य सुमारे चतुर्थांश लागेल. म्हणजे दोन-तीन जनावरांचे एका दिवसाचे शेण! मात्र याहून फार लहान ढीग करू नये. त्यात ऊब टिकत नाही व तो लवकर वाळतो. विटा चिखलात रचाव्यात व दोन थरांनंतर तिसऱ्या थरात फटी ठेवाव्यात.

या फटींचे महत्त्व मला चुकीतून कळले. पहिल्या वर्षी आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर खड्डा खणला, त्यात ओला पाला दडपला आणि वर माती लोटली. श्रावणात वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागल्या! पाणी साचून हवा कोंडली होती. कचरा कुजण्याऐवजी सडला. त्या दुर्गंधीने पालकांचा कंपोस्टवरील विश्वास उडाला, तो परत मिळविण्यास दोन वर्षे गेली.

पाचटात कर्ब फार व नत्र अल्प असते. आरंभी नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग असावेत, म्हणून गिरिपुष्पाचा पाला, शालेय पोषण आहारातील भाज्यांची साले, फुलण्यापूर्वी उपटलेले गाजर गवत त्यात मिसळावे. शिजलेले अन्न घालू नये, उंदीर येतात. पाचटाचे वीतभर तुकडे करावेत. सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे भरत जाऊन शेवटी वरून शेणमातीने लिंपावे. दोन-तीन आठवड्यांत ढीग वीतभर खचतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपावे. ओल किती असावी? मूठभर माल घट्ट पिळला असता बोटांना ओल लागावी, पण धार पडू नये. ही परीक्षा तिसरीतील मूलही करते आणि आनंदाने करते.

खत तयार होण्यास ९० ते १२० दिवस लागतात. पाचट मिळते तेव्हाच, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत, टाकी भरली तर एप्रिलमध्ये मुलांच्या देखतच ती उघडता येते. आमची दुसरी टाकी मार्चमध्ये भरली गेली. मेच्या सुट्टीत पाणी शिंपण्यास कोणीच नव्हते. जूनमध्ये पाहिले तो पाचट जसेच्या तसे, कोरडे खडखडीत. तेव्हापासून सुट्टीतील पाण्याची पाळी आम्ही टाकी भरण्यापूर्वीच फळ्यावर लिहून ठेवतो.