जुने माप, नवा गडी



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. ती पुढे गावोगावी रुजली आणि दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या आपल्या खानदेशातही रात्रीच्या गारव्यात माणसे व्याख्यानाला येऊन बसू लागली. अशा व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय शोभतात. तेव्हा आम्ही हॉकीचा विषय घेऊन उभे राहिलेले पाहून कोणी म्हणेल की, खेळ ही मैदानावर खेळण्याची चीज, तिच्यावर व्याख्यान कसले? त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की आजचा विषय खेळाडूंचा कमी आणि आपणा प्रेक्षकांचा अधिक आहे. खेळाडू खेळतो आणि घरी जातो. निवाडा करीत बसतो तो प्रेक्षक, आणि त्या निवाड्याचे वजन पुष्कळदा सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर पडते.

हा निवाडा कसा होतो, हे आपण सारेच जाणतो. एखादा नवा मुलगा चमकतो. दोन सामन्यांत चार गोल करतो. लगेच चहाच्या दुकानात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हा दुसरा ध्यानचंद!" दुसरा म्हणतो, "अहो, ते लोकच वेगळे होते. असे पुन्हा होणे नाही." पहिला पक्ष त्या मुलाला आभाळात नेऊन बसवितो, दुसरा त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवितो. गंमत अशी की, मुलाचा खेळ नीट पाहण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेतलेली नसते. दोघेही जुन्या नावाशीच बोलत असतात.

तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तुलना गेली तर पारखही गेली. आपल्या भागातला शेतकरी यंदाचा कापूस हातात घेतो तेव्हा गेल्या वर्षीचा कापूस त्याच्या बोटांना आठवत असतोच. पण तो शहाणा शेतकरी नुसते "यंदा कमी आले" असे म्हणून थांबत नाही. पाऊस किती झाला, जमीन काळी की मुरमाड, वाण कोणते, हे तो आधी विचारतो. एवढा विवेक आपण कापसाला दाखवितो. तो माणसाला दाखवावा, इतकेच आमचे मागणे आहे.

आता हा विवेक हॉकीला लावून पाहू.

मेजर ध्यानचंद यांचे नाव घेतल्यावाचून आपल्याकडे हॉकीची गोष्ट सुरू होत नाही, आणि ते योग्यच आहे. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि अंगावर एकही घेतला नाही. त्या २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. १९३२ साली लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला २४-१ असे हरविले. त्यात धाकटे बंधू रूपसिंग यांचे दहा आणि ध्यानचंदांचे आठ गोल होते. हे आकडे ऐकले की आजचा तीन-दोनचा सामना पाहणाऱ्याला वाटते, ही आजची पोरे करतात तरी काय?

पण जरा थांबून विचारावे की समोर कोण होते? १९३२ साली हॉकीच्या स्पर्धेत अवघे तीन संघ उतरले होते: भारत, जपान आणि अमेरिका. १९२८ साली नऊ संघ होते, पण या खेळाचे माहेरघर असलेले इंग्लंड त्यांत नव्हते. ब्रिटनशी आपली ऑलिंपिकमध्ये गाठ पडली ती १९४८ साली लंडनला, आणि तेथे स्वतंत्र भारताच्या संघाने त्यांना ४-० असे नमविले. तेव्हा २४-१ हा आकडा खराच आहे. परंतु तो जसा आपल्या बळाचा आकडा आहे तसाच समोरच्याच्या नवखेपणाचाही आहे. याने ध्यानचंदांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. १९३६ साली बर्लिनमध्ये अकरा संघ होते, यजमान जर्मनी कसून तयारी करून आला होता, आणि तरीही अंतिम सामना आपण ८-१ असा जिंकला. त्यांचा मोठेपणा मोजायचा तर येथे मोजावा. चोविसांच्या आकड्याने तो मोजू नये.

दुसरी गोष्ट मैदानाची. ध्यानचंदांपासून १९७५ च्या विश्वचषकापर्यंतची सारी हॉकी गवतावर झाली. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, वाट बदलतो. तेथे मनगटाची करामत, चेंडू काठीला चिकटवून ठेवण्याची हातोटी आणि बचाव करणाऱ्याला हुलकावणी देणारी नजर यांना सोन्याचे मोल होते. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि आधल्याच वर्षी जग जिंकलेला आपला संघ तेथे सातवा आला. एका वर्षात आमच्या खेळाडूंची मनगटे का लुळी पडली? मनगटे होती तेथेच होती. पायाखालची जमीन बदलली. या नव्या पृष्ठभागावर चेंडू सरळ आणि बाणासारखा धावतो. धाव, दम आणि दुरून अचूक दिलेला पास यांचे मोल वाढले. पुढे नियमही बदलले. ऑफसाइड गेली. जुन्या काळी अकरा गडी उतरले की शेवटपर्यंत तेच खेळत. आता हवे तेव्हा खेळाडू बाहेर घेता येतो व आत पाठविता येतो. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव जाऊन पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग आले.

म्हणजे हा एकच खेळ एकाच नावाने दोन प्रकारांनी खेळला गेला आहे. आपल्या आजोबांनी ज्वारी पायलीने मापली, आपण ती किलोने तोलतो. पायली हे आकारमानाचे माप आणि किलो हे वजनाचे. "आजोबांची दहा पायली जास्त की तुमचे चाळीस किलो?" असे कोणी विचारले तर हिशेब करता येईल, पण त्यासाठी दाणा कोणता, ओला की सुका, हे आधी सांगावे लागेल. नुसते दहा आणि चाळीस हे आकडे समोर मांडून भांडण सुटत नाही.

तिसरी गोष्ट आठवणीची. ध्यानचंदांच्या काठीत लोहचुंबक असल्याचा संशय येऊन ती मोडून पाहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथा गोड आहे. ती कथा म्हणूनच ऐकावी. जुन्या खेळाडूचे चुकलेले फटके कोणाला आठवत नाहीत. काळाच्या चाळणीतून ते केव्हाच गळून गेलेले असतात आणि हातात उरतात ते निवडक मोती. आजच्या मुलाचा प्रत्येक चुकलेला फटका मात्र मोबाइलवर दहा वेळा फिरून दिसतो. एकाचे निवडलेले धान्य आणि दुसऱ्याचे खळ्यावरचे रास तोलायची, आणि मग म्हणायचे की यात खडे फार! हा न्याय नव्हे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आमच्याजवळच वरणगाव आणि भुसावळ येथे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांच्या वसाहती आहेत. तेथील जीवन आपण पाहतो: भोंग्यावर चालणारा दिवस, ओळीने बांधलेली घरे, आणि एखादे मोठे मैदान. पुण्याजवळच्या खडकी येथे अशाच कारखान्याच्या वसाहतीत १९६८ साली धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. घर तमिळ, गाव मराठी. वडील कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. भावंडे मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळत. हा मुलगा मोहम्मद शाहिद यांना आदर्श मानून वाढला, आणि १९८९ पासून पंधरा वर्षे त्याने देशाची आघाडीची फळी सांभाळली. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार एशियाड खेळला. १९९८ साली बँकॉकला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी एशियाडचे सुवर्ण जिंकले.

आणि ऑलिंपिक पदक? एकही नाही. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध आपण एक गोलने पुढे होतो. सामना संपता संपता त्यांनी बरोबरी केली आणि उपांत्य फेरीचे दार लागले. आता पदकाचा काटा लावणारा म्हणेल, ज्याच्या गळ्यात पदक नाही तो कसला थोर? पण त्या सामन्यातील शेवटच्या क्षणाचा गोल आघाडीच्या गड्याने कसा अडवावा? हॉकी अकरांचा खेळ आहे. पदक संघाला मिळते. पारख मात्र एकेकाची करायची असते. १९८० साली मॉस्कोला आपण सुवर्ण जिंकले, त्या वेळी बहिष्कारामुळे पश्चिम जर्मनी, हॉलंड, पाकिस्तान हे संघ आलेच नव्हते. म्हणून त्या खेळाडूंचे सुवर्ण खोटे ठरत नाही, आणि धनराज यांचे रिकामे हातही रिकामे ठरत नाहीत.

धनराज यांच्यानंतर महाराष्ट्रातून कोणी हॉकीत पुढे आला की एकच प्रश्न ठरलेला: हा धनराज होईल काय? मुंबईचा युवराज वाल्मीकी २०११ साली आशियाई चँपियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारून परत आला, तेव्हा लोकांना कळले की या मुलाच्या घरात वीजही नव्हती. आम्हांस वाटते, त्या वेळी विचारण्याजोगा प्रश्न हा की, विजेविना वाढलेला मुलगा येथवर आला कसा, आणि असे किती वाटेतच राहिले? त्याऐवजी आपण त्याच्या अंगाला जुन्या कोटाचे माप लावून पाहतो.

वडिलांचेच माप ज्याला जन्मभर लावले गेले असा एक खेळाडू म्हणजे अशोककुमार. ध्यानचंदांचा मुलगा हॉकी खेळतो म्हटल्यावर लोकांनी आणखी काय करावे? पण १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल याच अशोककुमारने केला. भारताने पुरुष हॉकीचा विश्वचषक जिंकला तो तेवढा एकदाच. ती गोष्ट ध्यानचंदांच्या काळी नव्हतीच, कारण तेव्हा विश्वचषकच नव्हता. मुलाने आपल्या काळाचा प्रश्न आपल्या हाताने सोडविला. यापेक्षा निराळे उत्तर तुलनेला कोणते देता येईल?

येथे आमच्या भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. हॉकी खेळणाऱ्या मुलीला कौतुकाने "मुलींतला धनराज" म्हटलेले चालते. पण "दुसरी एलायझा नेल्सन" असे म्हटलेले कोणी ऐकले आहे काय? एलायझा नेल्सन या पुण्याच्या. १९८० साली भारताच्या महिला मॉस्को ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या, त्या संघात त्या होत्या. आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या त्या कर्णधार होत्या. महाराष्ट्राच्या मुलीला माप हवेच असेल तर ते घरातच होते. आपण ते माळ्यावर टाकून विसरलो. तुलनेत कोणाचे नाव येते यावरून समाज कोणाला आठवतो हे कळते. आणि कोणाचे येत नाही, यावरून तो काय विसरला तेही कळते.

मग तुलना करावी तरी कशी? एक उदाहरण क्रिकेटचे घेऊ, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. सर डॉन ब्रॅडमन यांनी दूरदर्शनवर सचिन तेंडुलकर यांचा खेळ पाहिला आणि हा आपल्यासारखा खेळतो असे त्यांना वाटले. त्यांनी पाहिली ती उभे राहण्याची ढब, फटक्यातील आटोपशीरपणा. शतके मोजली नाहीत. हा माझ्या पुढे जाईल की मागे राहील, हेही सांगत बसले नाहीत. जाणकाराची तुलना अशी असते. ती खेळाडूला त्याच्या खेळाबद्दल काही सांगते. अडाण्याची तुलना त्याला फक्त दडपण देते.

म्हणून आम्ही तीन नियम सुचवितो. पहिला, वयाची तुलना वयाशी करावी. सतरा वर्षांच्या मुलासमोर तीस वर्षांचा जाणता धनराज उभा करू नये. दुसरा, गुणाची तुलना गुणाशी करावी. "याचे पहिले पाऊल शाहिदसारखे पडते, पण हा चेंडू सोडायला उशीर करतो," असे म्हणावे. त्यातून मुलगा शिकेल. "हा दुसरा शाहिद" यातून तो काहीच शिकत नाही. आणि तिसरा, ज्याला जुन्यांशी जोखायचे त्याला आजची साधने आधी द्यावीत. जागतिक हॉकी कृत्रिम हिरवळीवर चालते. जो मुलगा मुरमाच्या मैदानावर वाढला आणि निवड चाचणीच्या दिवशी ज्याने ती हिरवळ पहिल्यांदा पाहिली, त्याला "जुन्यांसारखा दम नाही" म्हणणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटेला दोष देणे आहे.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुषांनी जर्मनीला ५-४ असे हरवून एक्केचाळीस वर्षांनी पदक आणले. २०२४ साली पॅरिसला स्पेनला २-१ असे हरवून पुन्हा आणले. दोन्ही कांस्य. ज्यांनी सोने पाहिले आहे त्यांना कांस्य फिके वाटेल. पण २००८ साली आपला संघ ऑलिंपिकला पात्रही ठरला नव्हता, हे ज्याला आठवते त्याला या कांस्याची किंमत कळेल.

बोदवडच्या मंडळींकडून आमची अपेक्षा मोठी नाही. हिरवळीचे मैदान गावाने उद्याच आणावे असे आम्ही म्हणत नाही. पण शाळेचे मैदान सपाट राहावे, त्यावर लग्नाचे मांडव बाराही महिने उभे नसावेत, आणि गावातल्या जुन्या खेळाडूंची नावे, त्यांचे सामने, त्यांचे गुण एखाद्या वहीत लिहून ठेवावे, एवढे तर होण्याजोगे आहे. उद्या एखादी मुलगी किंवा मुलगा चमकला तर त्याच्याजवळ ती वही द्यावी. आपल्याच मातीत कोण कसे खेळून गेले हे त्याने वाचावे, आणि मग आपल्या पद्धतीने खेळावे. आपण मात्र काही दिवस नावे ठेवण्याची आणि नावे देण्याची, दोन्ही घाई आवरून स्वस्थपणे त्याचा खेळ पाहावा.