मागून येणारे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठी माणसाने फिरस्त्याला उद्देशून केली, तेव्हा तिच्यात थोडी थट्टा होती आणि थोडा हेवाही होता. जेथे सांज होईल तेथे ज्याची चूल पेटते, ज्याला धर्मशाळेची वाट पाहावी लागत नाही आणि खानावळीची मर्जी सांभाळावी लागत नाही, असा मनुष्य चार भिंतींत राहणाऱ्याला मनातून आवडतच असतो. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर हिंडत. त्यांची मजल ठरे ती पाणी आणि चारा यांच्या हिशेबाने. आज मोटारीमागे चाकांवरची खोली जोडून प्रवासाला निघणारे कुटुंब त्याच जुन्या इच्छेचे नवे रूप होय. या खोलीला कॅरव्हॅन म्हणतात. झोपायला फळ्या, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी, सामानाला कपाटे, असे सारे आटोपशीर बिऱ्हाड तिच्यात मावते. महाराष्ट्र आणि केरळ या दोन राज्यांनी २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणेही जाहीर केली.

परंतु विंचवाच्या बिऱ्हाडात आणि या बिऱ्हाडात एक मोठा भेद आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. मोटारीचे बिऱ्हाड मागून येते. पाठीवरचे ओझे चालणाऱ्याच्या इच्छेने वळते. मागून ओढलेल्या ओझ्याला मात्र स्वतःची चाके असतात, स्वतःचा वेग असतो आणि प्रसंगी स्वतःचा हट्टही असतो. हा भेद नीट ध्यानात न घेता जो आडवाटेला लागतो, त्याच्या प्रवासाचा विचका होण्यास फारसा वेळ लागत नाही.

बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या व्हाइटफील्डमधील एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. हे व्हाइटफील्ड मुळी निर्माण झाले तेच घराच्या शोधातून. अँग्लो-इंडियन समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या प्रयत्नांनी, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये या वसाहतीचा पाया घातला गेला. शेती करून आपल्या हक्काचे घर उभारावे, ही त्या वसाहतकारांची आकांक्षा होती. त्या शेतांच्या जागी आज संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, मेट्रोची गाडी २०२३ पासून थेट तेथवर जाते आणि रस्त्यांवरच्या वाहनांची रीघ दिवसभर तुटत नाही. अशा ठिकाणी पाचव्या-सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या पतिपत्नींना, त्यांच्या दोन मुलांना आणि सोबतच्या आजींना हिवाळ्याच्या सुटीत कच्छचे रण पाहावेसे वाटले, आणि तेही स्वतःचे बिऱ्हाड घेऊन, तर त्यात नवल ते काय! बंगळूरहून हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई, अहमदाबाद असे करीत भूजपर्यंतचा रस्ता अठराशे किलोमीटरांहून अधिक आहे. तो बहुतेक सर्व पक्का आहे आणि त्यावर सोयी आहेत. खरी कसोटी लागते ती डांबर संपल्यावर, शेवटच्या शेपन्नास किलोमीटरांत.

या कसोटीचा विचार करताना मराठी मनाला एका जुन्या शब्दाची आठवण व्हावी. तो शब्द म्हणजे ‘बुणगे’. लढणाऱ्या सड्या फौजेच्या मागून जे अवजड सामान, जी कुटुंबे, जे सेवेकरी आणि यात्रेकरू चालत, त्या साऱ्यांना हे नाव होते. सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्ये परतूरहून उत्तरेस निघाले, तेव्हा फौजेमागे असाच मोठा पसारा होता. जड सामान आणि कुटुंबे मागे सुरक्षित ठिकाणी ठेवून सड्यानिशी लढावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता, असे त्या काळच्या वृत्तान्तांवरून दिसते. तो मानला गेला नाही. ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडे परतण्याचा रस्ता तोडला. पुढे पानिपतच्या छावणीत अन्नाची दुर्दशा झाली आणि १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस उजाडला. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि राष्ट्रावरच्या त्या आघाताची तुलना कोणा कुटुंबाच्या सहलीशी करणे अनुचित ठरेल. तथापि त्यातील एक बोध लहानमोठ्या सर्व प्रवासांना सारखाच लागू पडतो. बुणग्यांनिशी पुढे जाणे एक वेळ सोपे असते. बुणग्यांनिशी मागे वळणे हेच कठीण. म्हणून अशा प्रवासाची आखणी जाण्याच्या वाटेवरून नव्हे, तर परतीच्या वाटेवरून करावयाची असते.

पहिला प्रश्न वजनाचा. मोटार किती ओझे ओढू शकते याचा आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. नसल्यास तो लेखी मागून घ्यावा. इंजिनाने गाडी हलते म्हणजे ती ओझे ओढण्यास समर्थ आहे, असा समज घातक होय. ओढण्याइतकेच थांबविणेही महत्त्वाचे असते. ट्रेलरची नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालयात झालेली असावी आणि त्याला स्वतःचे ब्रेक व दिवे असावेत. मग सर्व सामान, पाणी आणि इंधन भरून तो वजनकाट्यावर न्यावा. घरी बसून केलेला अंदाज आणि काट्याचा आकडा यांत पडणारे अंतर पाहून बहुतेकांचे डोळे उघडतात. आजींची लोणच्याची बरणी, मुलांची सायकल, जादा गाद्या आणि ‘असू द्या, लागेल’ म्हणून घेतलेल्या पन्नास वस्तू, या प्रत्येकीचे वजन थोडे. बेरीज मात्र थोडी नसते.

वजन किती याइतकेच ते कोठे, यालाही महत्त्व आहे. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग मोटारीच्या जोडावर यावा, असा आडवाटेच्या ट्रेलरांबाबत सर्वसाधारण ठोकताळा आहे. मात्र मोटारीचा जोड तेवढा भार सोसणारा हवा. सामान मागच्या टोकाला गेले की जोडावरचा भार हलका होतो आणि वेग वाढताच ट्रेलर सापासारखा डोलू लागतो. त्या वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक जोराने दाबणे किंवा चक्र इकडेतिकडे फिरवणे म्हणजे संकटाला निमंत्रण. चक्र सरळ धरावे, वेगाच्या पट्टीवरून पाय हळूहळू काढावा आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असल्यास तेवढाच हळुवार लावावा. खंडाळ्यासारखा घाट उतरताना उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे, हा मालमोटारी हाकणाऱ्यांचा जुना नियम येथे तंतोतंत लागू पडतो. सारा भार ब्रेकवर टाकला तर ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो.

मागे घेणे ही तर स्वतंत्र विद्याच आहे. चक्र उजवीकडे फिरविले की ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे जातो. ज्याने हे आधी अनुभवले नाही, त्याची अरुंद वाटेवर त्रेधा उडते. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन रविवारी पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानावर पतिपत्नी दोघांनीही हा सराव करावा. एकाने चक्र धरावे, दुसऱ्याने खाली उभे राहून हाताच्या खुणा कराव्यात, आणि ‘थांब’ या खुणेला तात्काळ थांबावे. पुढील आयुष्यात उपयोगी पडणारा समजूतदारपणाही या सरावात आपोआप येतो!

दुसरा प्रश्न पाण्याचा आणि इंधनाचा. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर पाणी धरले, तर पाच माणसांना तीन दिवसांसाठी ७५ लिटर लागेल. दोन दिवसांचा राखीव साठा धरल्यास हा आकडा १२५ वर जातो, आणि १२५ लिटर पाणी म्हणजे १२५ किलो वजन. येथेच प्रवासाचा पेच आहे. जे वाचविते तेच जड असते. यावर उपाय एकच. जे वाचवीत नाही ते घरी ठेवावे. सायकल राहिली तर पाण्याला जागा होते. सारे पाणी एकाच टाकीत न ठेवता काही वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे, म्हणजे टाकीला तडा गेला तरी घसा कोरडा पडत नाही.

इंधनाचा हिशेबही पक्क्या रस्त्यावरच्या अनुभवाने करून चालत नाही. एकटी मोटार लिटरमागे १२ किलोमीटर जात असेल, तर मागे ओझे लागताच ती ८ वर यावी आणि मऊ वाळूत ५ वर, असे धरूनच चालावे. म्हणजे २०० किलोमीटरांच्या आडवाटेला ४० लिटर लागतील. त्यावर निम्म्याची भर घालून ६० लिटर हाताशी असावे. एक हिस्सा जाण्यास, एक हिस्सा येण्यास आणि एक हिस्सा दैवाच्या फेऱ्यास, ही तिहेरी वाटणी पाण्याला आणि इंधनाला सारखीच उपयोगी आहे.

आता प्रत्यक्ष रण. पावसाळ्यात रणाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. पाणी आटल्यावर हिवाळ्यात वर मिठाचा पांढरा थर धरतो आणि चांदण्यात तो दृष्टीला भूल घालतो. वरून कठीण दिसणाऱ्या या थराखाली पुष्कळदा ओला चिखल असतो. माणसाचे पाऊल तो सहज पेलतो. मोटारीचे चाक त्यात रुतते आणि मागून येणारा ट्रेलर नांगरासारखा खोल बसतो. शिवाय मोठ्या रणाचा बराच प्रदेश अभयारण्य आहे, रोहित पक्ष्यांची तेथे वीण होते, आणि उत्तरेस देशाची सीमा आहे. धोरडोजवळचे पांढरे रण पाहण्यासही परवाना घ्यावा लागतो. जेथे परवानगी आणि मळलेली वाट दोन्ही नाहीत, तेथे चाक घालू नये, हे कायद्याचे सांगणे आणि शहाणपणाचे सांगणे एकच आहे.

मग बिऱ्हाड न्यावे तरी कोठवर? याचे उत्तर सूरजमलाच्या सल्ल्यात आहे. खावड्याच्या बाजूस किंवा खडीर बेटावर, जेथे २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेले धोळावीरेचे प्राचीन नगर आहे, तेथे गावाजवळच्या कठीण जमिनीवर, जमीनमालकाची अनुमती घेऊन ट्रेलर सोडावा. त्याच्या चाकांना पाचर लावावी आणि पुढच्या वाटा सड्या मोटारीने पाहाव्यात. शंका वाटेल तेथे आधी उतरून चालत जावे. वाळू लागली तर टायरमधील हवा कमी करावी, म्हणजे टायर पसरट होऊन भार अधिक जागेवर वाटला जातो. मात्र मग वेग अगदी बेताचा ठेवावा आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. त्यासाठी हवेचा पंप बरोबर हवाच. ट्रेलरच्या स्टेपनीचा आणि बेअरिंगचा विसर पडू नये. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. एक चाक दुसऱ्यांपेक्षा अधिक तापलेले आढळले, तर तेथेच कारण शोधावे. रात्री बंद खोलीत शेगडी किंवा जनित्र चालू ठेवून कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि तो झोपेतच घात करतो.

मोबाइलचा संदेश सर्वत्र पोचेल या भरवशावर राहू नये. उपग्रहाद्वारे चालणारा दूरध्वनी सरकारी परवानगीवाचून जवळ बाळगण्यास भारतात मनाई आहे. त्यामुळे सर्वांत विश्वासाचे साधन उरते ते साधा कागद. जाण्याची वाट, मुक्कामाची गावे, गाडीचा क्रमांक आणि परतण्याचा दिवस व वेळ लिहून तो व्हाइटफील्डमधील शेजाऱ्याकडे किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे द्यावा. ठरल्या वेळेनंतर इतके तास निरोप आला नाही, तर ११२ या क्रमांकावर आणि भूजच्या पोलिसांना कळवावे, हेही त्यात स्पष्ट असावे.

त्याच कागदाची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्या पाठीमागे परत फिरण्याच्या अटी लिहाव्यात. पाण्याचा किंवा इंधनाचा पहिला हिस्सा संपला, स्टेपनी वापरली गेली, मुलाला ताप आला, आजींना थकवा वाटला, आभाळ भरून आले. यांतील एकही गोष्ट घडली तर माघार. या अटी घरीच लिहावयाच्या, याला कारण आहे. रणाच्या काठावर उभे राहिल्यावर मन न्यायाधीश राहत नाही, ते वकील होते. अठराशे किलोमीटर आलो, सुटीचे दोनच दिवस उरले, ती पांढरी रेषा तर समोरच दिसते आहे, असे एकाहून एक मुद्दे ते मांडू लागते. त्या वेळी घरच्या शांत दिव्याखाली केलेला निवाडा खिशात असला, तर मान खाली न घालता मागे वळता येते. असे वळणे हा पराभव नव्हे. रण पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असते; बरोबरची माणसे सुखरूप असावी लागतात.

कुटुंब व्हाइटफील्डला परतले की एक काम उरते. ट्रेलरमधील जे सामान एकदाही उघडले गेले नाही, त्याची यादी करावी. ती यादी म्हणजे त्या प्रवासातील बुणगे. पुढच्या खेपेस तेवढे ओझे कमी झाले, तरी प्रवासाने पुष्कळ शिकविले असे म्हणता येईल. विंचू आपल्या पाठीला पेलेल तेवढेच बिऱ्हाड घेऊन निघतो, आणि म्हणूनच त्याला कोठूनही मागे फिरता येते.